तपकिरी रंगाला क्रॉसलिंक म्हणू नका: कायटोसानवरील संशोधनाचे मार्गदर्शक, परीक्षक आणि संपादक यांना खुले पत्र

स.न.वि.वि.

वनस्पतीजन्य फिनॉल आणि एन्झाइम यांच्या साहाय्याने कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून मिळणारा बहुलक) क्रॉसलिंक केल्याचा, म्हणजे त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडून जाळी केल्याचा दावा करणारे प्रबंध आणि हस्तलिखिते आपल्या टेबलावर नेहमी येतात. क्रॉसलिंकसाठीच्या नेहमीच्या रसायनांपैकी ग्लुटाराल्डिहाइड विषारी, जेनिपिन महाग, मग कॅफिक, क्लोरोजेनिक, फेरुलिक किंवा टॅनिक ॲसिड घ्यायचे आणि जोडीला लॅकेज किंवा टायरोसिनेज ही फिनॉलचे ऑक्सिडेशन करणारी एन्झाइम. हा मार्ग रास्त आहे. टायरोसिनेजने फिनॉलचे क्विनोन (ऑक्सिडेशनने बनलेले क्रियाशील रूप) करून ते कायटोसानवर बसवता येते, हे ग्रेगरी पेन यांच्या गटाने १९९० च्या दशकातच दाखवले. त्याच गटाने पुढे जिलेटिन आणि कायटोसानचे एन्झाइमने जमणारे जेलही केले. रसायनशास्त्र पक्के आहे. कच्चा राहतो तो पुरावा, आणि म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहोत, विद्यार्थ्यांना नव्हे. विद्यार्थी तेवढेच मोजतात जेवढे तुम्ही विचारता.

मागणी एकच आहे: साधे कायटोसान सौम्य आम्लात विरघळते, तेव्हा नमुना आम्लात टिकतो की नाही हे योग्य नियंत्रण-नमुन्यांसह दाखवल्याशिवाय 'क्रॉसलिंक' हा शब्द शीर्षकात येऊ देऊ नका. ती का, आणि ती पुरी करायला नेमके काय करावे लागते, ते पुढे.

कॅटेकॉल गट (वलयावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल) असलेल्या फिनॉलचे ऑक्सिडेशन झाले की ऑर्थो-क्विनोन तयार होते. कायटोसानचा अमाइन गट (साखळीवरचा नायट्रोजनयुक्त गट) त्याला दोन प्रकारे गाठतो. कार्बोनिलवर चढला तर शिफ बेस, वलयातल्या कार्बनवर चढला तर मायकेल पद्धतीची जोड. पहिला बंध आम्लात तुटू शकतो, दुसरा टिकतो. शिवाय क्विनोन एकमेकांत जुळून गडद ऑलिगोमर (छोट्या साखळ्या) होतात आणि ते साखळीला न चिकटता नुसते जाळीत अडकून बसतात. रंग या तिन्ही वाटांनी येतो. शिवाय एका अमाइनला एक फिनॉल चिकटले तर ते केवळ कलम झाले. क्रॉसलिंक तेव्हाच, जेव्हा एकाच क्विनोनला दोन वेगवेगळ्या साखळ्यांवरचे अमाइन मिळतात किंवा कलम झालेली दोन फिनॉल आपसात जुळतात. बहुतेक हस्तलिखितांत कलमाचा पुरावा असतो आणि निष्कर्ष क्रॉसलिंकचा.

फेरुलिक ॲसिडची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या वलयावर मेथॉक्सी गट असल्याने टायरोसिनेज त्याला जवळजवळ हात लावत नाही. लॅकेज लावते, पण त्यातून फिनॉक्सी रॅडिकल आणि मग डायमर होतात, सरळ ऑर्थो-क्विनोन नाही. तरीही टायरोसिनेज आणि फेरुलिक ॲसिड ही जोडी कागदावर दिसली, तर 'क्विनोनमार्गे जोड' असे लिहिलेल्या आकृतीवर तांबडी शाई मारायला हरकत नाही.

आता पीएच. कायटोसानच्या अमाइनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे अमाइन प्रोटॉन घेऊन असतात तो, ६.४ च्या आसपास. पीएच ४.५ ला जेमतेम एक टक्का अमाइन मोकळे असते, बाकी सारे प्रोटॉन घेऊन बसलेले, म्हणजे क्विनोनला गाठायला निरुपयोगी. ५.५ ला ११ टक्के, ६.० ला २८ टक्के. त्याच्या वर जावे तर कायटोसान खाली बसते. काम करायची पट्टी एवढीच अरुंद: ५.५ ते ६.०. ट्रॅमेटिस बुरशीचे लॅकेज मात्र पीएच ३ ते ५ मध्ये खूश असते. 'एन्झाइमच्या इष्टतम पीएचला' म्हणजे ४.५ ला अभिक्रिया केली असे लिहिले असेल, तर फिनॉलचे ऑक्सिडेशन जोरात झाले असेल, पण ते कायटोसानला न लागता एकमेकांत जुळले असण्याची शक्यता जास्त. नियम म्हणून, एन्झाइमची सोय थोडी सोडावी आणि अमाइनची बघावी.

पीएच वाढवतानाच बहुतेकांचे द्रावण बिघडते. याचे मूळ आम्लाच्या मापात आहे. ८५ टक्के डीअसेटिलेशनच्या (म्हणजे ८५ टक्के एककांवरचा ॲसेटिल गट निघून अमाइन मोकळा झालेल्या) एक ग्रॅम कोरड्या कायटोसानमध्ये सुमारे ५.१ मिलिमोल अमाइन असतात. सवयीने घेतलेल्या १ टक्का ॲसेटिक ॲसिडच्या १०० मिलीमध्ये १७.५ मिलिमोल आम्ल असते, म्हणजे गरजेच्या तिपटीहून जास्त. ते ५.५ वर आणायला ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २० मिलीच्या घरात लागते, आणि प्रत्येक थेंबाच्या जागी कायटोसानचे पांढरे तंतू सुटतात जे पुन्हा विरघळायला तास घेतात. त्याऐवजी १०० मिली पाण्यात ०.४ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घेतले (७ मिलिमोल), तर रात्रभर ढवळून तेवढेच कायटोसान विरघळते आणि ५.५ गाठायला त्याच अल्कलीचे ३ मिली पुरतात. ढवळणे जोरात, थेंब सावकाश. नंतर द्रावण नायलॉनच्या कापडातून किंवा जाड काचेच्या गाळणीतून गाळून घ्यायचे, कारण न विरघळलेले कण पुढे 'जेल' म्हणून वजनात धरले जातात. बाटलीतल्या कायटोसानमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास ओलावा असणे नेहमीचे आहे. वजन कोरड्यावर धरले नाही तर फिनॉल आणि अमाइनचे गुणोत्तर पहिल्याच ओळीत चुकते.

बफरच्या बाबतीत आम्ही जरा कठोर आहोत. लॅकेजसाठी सायट्रेट-फॉस्फेट बफर वापरायची रीत पडली आहे. सायट्रेट आणि फॉस्फेट हे दोन्ही बहुभारी ऋण आयन, आणि कायटोसानच्या धन साखळ्यांना ते स्वतःच आयनिक क्रॉसलिंक करतात. अशा बफरमध्ये फिनॉल आणि एन्झाइम न घालताही द्रावण घट्ट होऊ शकते. ॲसेटेट वापरायला सांगा. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवलेले कायटोसान किंवा त्याचा हायड्रोक्लोराइड क्षार घेतला असेल तर दुसरी अडचण येते: क्लोराइडने लॅकेज मंदावते. कुठले लॅकेज किती मंदावते हे त्याच्या स्रोतावर अवलंबून आहे, पण 'एन्झाइम खराब निघाले' या तक्रारीमागे पुष्कळदा मीठच असते.

सगळ्यांत दुर्लक्षित घटक ऑक्सिजन आहे. लॅकेज आणि टायरोसिनेज दोन्ही हवेतला ऑक्सिजन खातात. एका कॅटेकॉलचे क्विनोन करायला अर्धा ऑक्सिजन रेणू लागतो. वरच्या एक ग्रॅम कायटोसानवर अमाइनच्या दहा टक्के, म्हणजे ०.५ मिलिमोल फिनॉल घेतले, तर ०.२५ मिलिमोल ऑक्सिजन हवा. २५ अंशांना हवेशी समतोल असलेल्या पाण्यात लिटरला ०.२६ मिलिमोल ऑक्सिजन असतो, म्हणजे १०० मिलीत ०.०२६. गरजेच्या एक-दशांश. उरलेला नऊ-दशांश वरच्या पृष्ठभागातून आत यायला हवा, आणि द्रावण जेल होऊ लागले की ते ढवळता येत नाही. ऑक्सिजनच्या विसरणाला दोन मिलिमीटर आत शिरायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात, एक सेंटिमीटरला सात तास, कारण अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. तेही वाटेत कोणी तो खात नसेल तर. म्हणूनच परीक्षानळीत केलेल्या जेलचा वरचा थर गडद व घट्ट, आणि तळ फिकट व पातळ. असा फोटो हस्तलिखितात असेल तर तो ऑक्सिजनचा आलेख समजून वाचावा.

उपाय साधे आहेत. द्रावण पसरट भांड्यात दोन-तीन मिलिमीटर थरात ठेवावे, संथ हलवावे. हवेचे बुडबुडे सोडू नयेत. कायटोसानचा फेस होतो आणि बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर एन्झाइमही निकामी होते. ऊतीत खोलवर टोचायच्या जेलसाठी लॅकेज सुचवले असेल, तर तिथे ऑक्सिजन कुठून येणार हा प्रश्न परीक्षकाने विचारलाच पाहिजे.

हीच गोष्ट रिओमीटरमध्ये (जेलचा घट्टपणा मोजणाऱ्या यंत्रात) जास्त फसवी ठरते. दोन पोलादी तबकड्यांच्या मध्ये नमुना. हवा फक्त कडेने. बाष्पीभवन थांबवायला कडेला तेलाचा थर दिला की तोही रस्ता जवळपास बंद. मग जेल होण्याचा काळ कुपीत वीस मिनिटे आणि यंत्रात दोन तास, आणि चर्चेत त्याची 'कातरणामुळे' अशी काहीतरी सारवासारव. तेलाऐवजी ओलाव्याचे झाकण, आणि अंतर शक्य तेवढे कमी ठेवून दोन वेगवेगळ्या अंतरांवर मोजमाप, इतके तरी हवे. जी-प्राइम (स्थितिस्थापकतेचे माप) जी-डबल-प्राइमच्या (प्रवाहीपणाच्या मापाच्या) वर गेला म्हणजे सहसंयुज जाळी झाली असेही नाही. सायट्रेटने, टॅनिक ॲसिडने, इतकेच काय पीएच ६.५ च्या वर गेल्यानेही तो वर जातो.

एन्झाइमच्या युनिटबद्दल. 'लॅकेज १०० युनिट' एवढ्याने काहीही कळत नाही. लॅकेजचे युनिट कोणी एबीटीएस या चाचणी-रसायनावर मोजतो, कोणी सिरिंगाल्डाझिनवर, कोणी कॅटेकॉलवर, आणि प्रत्येकाचा पीएच निराळा. एबीटीएसवर आम्लधर्मी पीएचला मोजलेला आकडा भरघोस येतो. मशरूम टायरोसिनेजचे प्रचलित युनिट तर टायरोसिनवर २८० नॅनोमीटरला मिनिटाला ०.००१ शोषणवाढ एवढे बारीक आहे, म्हणून कुपीवर हजारोंचे आकडे दिसतात. दोघांची तुलना करणारा तक्ता निरर्थक. वापरायच्याच फिनॉलवर, वापरायच्याच पीएचला आणि तापमानाला, मिनिटाला किती मायक्रोमोल ऑक्सिडाइझ होतात ते मोजायला लावा. मग हिशेब सरळ होतो: ५०० मायक्रोमोल फिनॉल दोन तासांत संपवायचे तर अशी चारपाच युनिटे पुरतात. ऑक्सिजन कमी पडत असताना दहापट एन्झाइम ओतून वेग वाढत नाही. पदार्थात प्रथिन तेवढे वाढते. टायरोसिनेज तर स्वतः बनवलेल्या क्विनोननेच हळूहळू निकामी होते, म्हणून ते दोन-तीन हप्त्यांत घालणे बरे.

हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजला ऑक्सिजनची ही अडचण नाही, पण त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड लागते आणि ते जास्त झाले की एन्झाइम मरते, वर कायटोसानच्या साखळ्याही तुटतात. पेरॉक्साइड एकदम न घालता थेंबाथेंबाने, किंवा ग्लुकोज व ग्लुकोज ऑक्सिडेज यांच्याकडून जागेवर तयार करून घ्यावे. यात कायटोसानवर आधी ईडीसी या जोडणाऱ्या रसायनाने फिनॉल कलम केलेले असेल तर 'पूर्णपणे हरित पद्धत' हे शब्द तेवढे काढायला लावा.

फिनॉल किती घ्यावे? अमाइनच्या पाच ते दहा टक्क्यांपासून सुरुवात पुरेशी आहे. कॅफिक ॲसिडचे दहा टक्के म्हणजे एक ग्रॅम कायटोसानला साधारण ९० मिलिग्रॅम. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून दोन-तीन मिली इथेनॉलमध्ये ताजे विरघळवून ढवळत्या कायटोसानमध्ये सोडायचे आणि एन्झाइम सर्वांत शेवटी. फिनॉल दुप्पट-तिप्पट केले की रंग झकास येतो, पण ऑलिगोमर वाढतात, गाळ सुटतो आणि फिल्म वाळल्यावर तडकते. टॅनिक ॲसिडला हे माप लावू नये. त्याचा रेणू १७०० डाल्टनचा, बाजारातला माल मिश्रण, आणि तो कायटोसानशी एन्झाइमशिवायच हायड्रोजन बंधांनी गोळा होतो. एन्झाइमलाही तो अवक्षेपित करतो. टॅनिक ॲसिड अधिक लॅकेज या पदार्थात लॅकेजने नक्की काय केले, हे उकळलेल्या एन्झाइमच्या नमुन्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही.

म्हणून नियंत्रण-नमुने. नुसते कायटोसान, कायटोसान आणि फिनॉल, कायटोसान आणि एन्झाइम, कायटोसान, फिनॉल आणि दहा मिनिटे उकळलेले एन्झाइम, आणि सगळे घालून नायट्रोजनखाली ठेवलेला एक. तिसरा नमुना लोक वगळतात, आणि तिथेच पाणी मुरते. बाजारातल्या कच्च्या लॅकेजमध्ये सेल्युलेजसारखी इतर एन्झाइम असू शकतात आणि ती कायटोसानच्या साखळ्या कापतात. चिकटपणा घसरलेला दिसला की क्रॉसलिंकिंग कमी पडले असे समजून एन्झाइम वाढवले जाते आणि साखळ्या आणखी तुटतात.

आता मुख्य चाचणी. 'फिल्म पाण्यात विरघळली नाही' हा पुरावा नाही. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवून काढलेली साधी कायटोसानची फिल्मही पाण्यात विरघळत नाही. भट्टीत ११० अंशांच्या वर तापवलेली ॲसेटेट फिल्मसुद्धा अविद्राव्य होते, कारण ॲसेटेट अमाइनशी जुळून अमाइड बनवतो. वाळवणे ४० अंशांखालीच. नंतर नमुना ॲसेटेट बफर आणि ५० टक्के इथेनॉल यांत आळीपाळीने धुवायचा, धुवणाच्या पाण्याचे २८० आणि ३२० नॅनोमीटरचे शोषण शून्यावर येईपर्यंत. मग वाळवून, ५० मिलिग्रॅम अचूक तोलून, २० मिली १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये २४ तास. गाळा, धुवा, वाळवा, पुन्हा तोला. उरलेला टक्का म्हणजे जेल अंश. निदान तीन वेगवेगळ्या घाण्यांचे आकडे हवेत. एकाच फिल्मचे तीन तुकडे म्हणजे तीन नमुने नव्हेत. गाळलेल्या द्रावणात कायटोसान उतरले का हेही बघावे, कारण फिल्म अखंड दिसूनही तिचा बराच भाग निघून गेलेला असतो.

त्याच नमुन्याचा दुसरा तुकडा ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये आणि तिसरा १ टक्का ॲसेटिक ॲसिडमधल्या ८ मोलर युरियात. हायड्रोक्लोरिकमध्ये जाळी सुटली तर बंध मुख्यतः शिफ बेसचे. युरियात सुटली तर हायड्रोजन बंधांचे. दोन्हींत टिकली तर मायकेल जोडीबद्दल बोलायला आधार मिळतो. सल्फ्युरिक ॲसिड या चाचणीत कधीही नको. कायटोसान सल्फेट मुळातच विरघळत नाही आणि प्रत्येक नमुना उत्तीर्ण होतो.

एफटीआयआरवर (अवरक्त वर्णपटावर) आपण सगळेच जरा जास्त विसंबतो. १६४० सेमी⁻¹ च्या आसपासची पट्टी शिफ बेसची म्हणून बाण काढून दाखवतात, पण तिथेच अमाइडची १६५५ ची पट्टी आहे आणि ओलाव्याचीही. तो बाण पुरावा म्हणून धरू नका. निनहायड्रिन या अमाइनशी रंग देणाऱ्या रसायनाने मोकळे अमाइन मोजणे चालेल, मात्र तपकिरी नमुना स्वतःच ५७० नॅनोमीटरला प्रकाश खातो, म्हणून निनहायड्रिनविना ठेवलेल्या त्याच नमुन्याचे शोषण वजा करायला हवे. मोकळे अमाइन दहा टक्क्यांनी घटले, यातून कलम कळते, क्रॉसलिंक नाही.

जैविक चाचण्यांकडे आलो की आणखी सावध राहावे लागते. न धुतलेल्या फिल्ममधून फिनॉल सुटते आणि ते एमटीटीला (जिवंत पेशींमुळे जांभळ्या होणाऱ्या चाचणी-रसायनाला) पेशींशिवायच जांभळे करते. मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. उलट बाजूने, कॅटेकॉल आणि गॅलेट गट संवर्धन-माध्यमात आपोआप ऑक्सिडाइझ होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात आणि पेशी मारतात. दोष पदार्थाला लागतो. पेशींविना एमटीटी आणि माध्यमात कॅटलेज घालून केलेली समांतर चाचणी या दोन साध्या तपासण्यांनी गोंधळ मिटतो. जीवाणूरोधक वलय (फिल्मभोवतीची जीवाणू न वाढलेली पट्टी) उरलेल्या ॲसेटिक ॲसिडमुळे आले की फिनॉलमुळे, हे धुतलेल्या व उदासीन केलेल्या साध्या फिल्मशी तुलना केल्याशिवाय ठरत नाही. आणि एन्झाइम धुवून काढले असे सहज लिहिले जाते. प्रत्यक्षात क्विनोन एन्झाइमच्या लायसिनलाही पकडते आणि ते जाळीतच राहते. जखमेवर लावायच्या पदार्थात उरलेले प्रथिन किती, हे अमिनो आम्ल विश्लेषणाने विचारा; नायट्रोजन मोजून ते कळणार नाही, कायटोसानमध्येच नायट्रोजन भरलेला आहे.

शेवटचा मुद्दा वनस्पती अर्कांचा. शुद्ध फिनॉलऐवजी अर्क वापरण्याला आमचा विरोध नाही, पण अर्कात ॲस्कॉर्बिक ॲसिड असते आणि ते तयार झालेले क्विनोन परत फिनॉल करून टाकते. ते संपेपर्यंत काहीच घडत नाही आणि मग रंग अचानक येतो. सायट्रिक आणि ऑक्सॅलिक ॲसिडही असतात, आणि त्यांचे आयनिक क्रॉसलिंक वर सांगितलेच आहे. 'गॅलिक ॲसिडच्या तुल्य इतके मिलिग्रॅम' या आकड्यावरून मोलचे गुणोत्तर काढता येत नाही. क्रोमॅटोग्राफीवर मुख्य फिनॉल ओळखून, तेवढेच शुद्ध फिनॉल घेतलेला एक समांतर नमुना मागा.

तेव्हा पुढच्या हस्तलिखितात किंवा प्रबंधात डीअसेटिलेशन, कोरडे वजन, फिनॉल आणि अमाइनचे मोल-गुणोत्तर, प्रत्यक्ष पीएच, बफर, वापरलेल्या फिनॉलवर मोजलेली एन्झाइम क्रियाशीलता, थराची जाडी आणि तिन्ही द्रावणांतला जेल अंश एका तक्त्यात नसेल, तर तो परत पाठवा. आणि ज्या नमुन्याच्या पुढे 'आम्लात विरघळला' असे प्रामाणिकपणे लिहिले आहे, तो त्याच कारणासाठी नाकारू नका. कलम झालेले, न जुळलेले कायटोसान चिकट लेप म्हणून किंवा ऑक्सिडेशनरोधक थर म्हणून उपयोगी पडू शकते. फक्त त्याला त्याच नावाने छापा.

आपले,
कायटोसान आणि एन्झाइम यांवर प्रयोगशाळेत काम करणारे काही जण